खांदा आखडलाय, वेणी कोण घालणार?

पत्र:

"ताई, नमस्कार. मी नांदेडला राहतो, वय ५१. मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. बायको अंगणवाडी सेविका आहे. तिला शुगर आहे आणि उन्हाळ्यापासून उजवा खांदा आखडलाय. डॉक्टर फ्रोझन शोल्डर म्हणतात, फिजिओथेरपी चालू आहे. हात डोक्यामागं जातच नाही. केस कमरेच्या खाली आहेत. मुलगी वेणी घालून द्यायची, ती जूनमध्ये नर्सिंगला पुण्याला गेली. शेजारच्या वहिनी घालतात, पण त्यांनाही त्यांचं घर आहे. म्हणून मी मोबाइलवर बघून घालायला गेलो. वेणी एका बाजूला गेली आणि दुपारपर्यंत सुटली. दुसऱ्या दिवशी केस ओढले गेले, तर ती रडली. म्हणाली, 'अहो, राहू द्या, मी कापूनच टाकते.' मला ते नको वाटतं. आमचे दादा गावाकडून आले होते, त्यांनी बघितलं आणि म्हणाले, आता बांगड्या पण भर. तेव्हापासून दार लावून घेतो. या वयात माझ्यासारख्याला हे जमेल का? तिला केस कापू नको म्हणून कसं समजावू? जमलं तर सागरवेणी पण शिकायची आहे, मार्गशीर्षात भाचीचं लग्न आहे."

भाऊ, नमस्कार.

जमेल. तुमच्या प्रश्नांतला हा सगळ्यात सोपा, म्हणून आधी उरकून टाकला. वेणीला दहा बोटं लागतात, थोडा धीर लागतो आणि ताण ओळखणारा हात लागतो. हा शेवटचा तुमच्याकडे आधीपासून आहे. कॉइल भरताना तार जास्त ओढली तर तिच्यावरचं इनॅमलचं आवरण खरवडतं, सैल सोडली तर आटे स्लॉटात नीट बसत नाहीत, हे तुम्हाला कुणी आकड्यात शिकवलं नसेल. हाताला कळत गेलं असेल. केसांचंही तसंच कळतं. फरक एवढाच, की तारेच्या दुसऱ्या टोकाला माणूस नसतं.

त्या दुसऱ्या टोकाचं आधी बघू. तुमच्या घरच्या वहिनी रडल्या त्या फक्त केस ओढले गेले म्हणून, असं मला वाटत नाही. ज्या बाईनं शाळेत असल्यापासून रोज सकाळी आरशात न बघता, गॅसवर दूध ठेवलेलं असताना स्वतःची वेणी घातली, तिला आता स्टुलावर बसून वाट बघावी लागते. आधी मुलीची, मग शेजारणीची, आता तुमची. अंगणवाडीत दुसऱ्यांच्या पोरींच्या सुटलेल्या वेण्या ती स्वतः बांधून देत असेल. अशा बाईला मोबाइल समोर उभा करून, त्यात बघत बघत, तिच्याच डोक्यावर कुणी प्रयोग करू लागलं तर काय वाटेल?

तेव्हा पहिलं काम, मोबाइल बाजूला ठेवा. तसेही त्यातले बरेचसे व्हिडिओ स्वतःची वेणी स्वतः घालणाऱ्यांचे असतात. समोरून काढलेले, त्यात डावं-उजवं उलटं दिसतं, आणि मागे उभं राहून घालणाऱ्याचा गोंधळ होतो. शिकवणारी तुमच्या घरात आहे. तिला विचारा.

पण विचारलंत तर ती म्हणेल, "असं घ्यायचं, असं टाकायचं, झालं." याहून जास्त तिला सांगता येणार नाही. तिची वेणी तिच्या बोटांत आहे, तोंडात नाही. म्हणून परकराच्या तीन नाड्या घ्या, शक्यतो वेगवेगळ्या रंगांच्या, आणि तिच्या पोटाच्या उंचीवर खिडकीच्या गजाला एकत्र बांधा. खांदा आखडलेल्या माणसाला हात वर आणि मागे नेणं अवघड जातं, पण कोपर अंगाशी ठेवून समोर काम करणं बहुतेकांना जमतं. ती समोर नाड्यांची वेणी घालेल, तुम्ही तिच्या शेजारी उभं राहून तिची बोटं बघा. मग नाड्या सोडून तुम्ही घाला, ती बघेल आणि ओरडेल. ओरडू द्या. चार महिन्यांत तिच्या वाट्याला आलेली ही पहिलीच अशी जागा असेल जिथे ती शिकवतेय आणि दुसरा शिकतोय.

नाड्यांवर काय बघायचं ते सांगते. सुरुवातीला डाव्या हातात दोन पेड असतात आणि उजव्यात एक. उजवा पेड मधल्या पेडावरून आत आणायचा. तो आत आला की जो मधला होता तो आता उजवीकडचा झाला, आणि उजव्या हाताची शेवटची दोन बोटं त्याला लगेच पकडतात. म्हणजे आता दोन पेड उजव्या हातात, एक डाव्यात. मग तेच डावीकडून. सगळी वेणी एवढीच आहे. नवशिक्याची चूक नेहमी एकाच ठिकाणी होते. कुठल्या हातात दोन आहेत हे तो विसरतो, घाबरून एक पेड सोडतो, आणि सुटलेला पेड पुन्हा शोधताना दुसऱ्यातले केस त्यात येतात. अंगठा आणि तर्जनीत एक पेड, करंगळी-अनामिकेने तळव्याशी दाबून दुसरा, ही पकड बसली की पुढे हात आपोआप चालतो. दुकानात गिऱ्हाईक नसेल तेव्हा सुतळीवर करत बसा. दादांनी विचारलंच तर सांगा, दावं वळतोय.

नाड्यांवर हात बसेपर्यंत केसांना हात लावू नका. आणि लावायच्या आधी स्वतःचे हात बघा. रिवायंडिंग करणाऱ्याच्या बोटांना घट्टे असतात, तारेच्या बारीक चिरा असतात, वार्निश नखांच्या कडेला वाळून बसलेलं असतं. वहिनींचे केस ओढले गेले त्यातले निम्मे तुमच्या कंगव्याने नाही, तुमच्या बोटांनी अडकून ओढले गेले असतील. आंघोळीच्या वेळी वजरीने बोटांच्या कडा घासा, नखं तासून गुळगुळीत करा, आणि वेणीच्या आधी खोबरेल तेलाचे दोन थेंब तळहातावर चोळा. वार्निशचा वास साबणाने लगेच जात नाही, म्हणून दुकानातून आल्या आल्या वेणीला बसू नका.

आता गुंता. वेणीपेक्षा हा भाग मोठा आहे, आणि रडवतो तोही हाच. डोक्यावरचा केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो. कमरेखाली गेलेल्या केसाची लांबी मुळापासून ८०-९० सेंटिमीटर तरी असेल. म्हणजे वहिनींच्या केसांचं टोक सहा-सात वर्षांचं आहे, तुमची मुलगी पाचवी-सहावीत असताना उगवलेलं. इतकी वर्षं ऊन, पाणी, तेल, कंगवा सोसलेला केस मुळाशी असलेल्या केसासारखा चिवट नसतो, त्याला फाटे फुटलेले असतात आणि तो एकमेकांत अडकतो. म्हणून गुंता नेहमी खालून वर सोडवायचा. डाव्या हाताने बट गुंत्याच्या वर मुठीत घट्ट धरायची, म्हणजे खाली कंगव्याने कितीही झटापट झाली तरी ओढ डोक्यापर्यंत जात नाही. शेवटची वीतभर सोडवली की मूठ वर सरकवायची, पुढची वीत. आधी बोटांनी, मग मोठ्या दातांच्या कंगव्याने. बारीक फणी या कामाला नाही. आणि ज्या ठिकाणी केस अडला तिथे झटका द्यायचा मोह होईल, तो टाळा. थांबा, दोन बोटांत गाठ धरून बाजूने केस एकेक ओढून काढा.

ओले केस विंचरू नका, मग कितीही घाई असो. ओला केस जास्त ताणला जातो आणि लवकर तुटतो. कंगव्यात काही केस आले म्हणून घाबरूही नका. रोज ५० ते १०० केस गळणं हे चांगल्या डोक्याचंही होतं, आणि लांब केस असले की तो पुंजका आहे त्यापेक्षा मोठा दिसतो.

बसण्याचं ठरवा. वहिनींना पाटावर, खाली बसवू नका. उठताना हाताने रेटा द्यावा लागतो, आणि तो त्यांना नकोच आहे. पाठ नसलेलं प्लास्टिकचं स्टूल घ्या. मांडीवर उशी आणि उशीवर उजवा हात, म्हणजे खांदा लटकत राहणार नाही. तुम्ही बरोबर मागे, मध्यभागी उभे राहा. तुमची वेणी एका बाजूला गेली याचं कारण बहुतेक तुम्ही उजवीकडे सरकून उभे होतात, किंवा उजवा हात डाव्यापेक्षा जास्त ओढत होता. वेणी जिकडे हात ओढतात तिकडे जाते.

आणि दुपारपर्यंत सुटली ती वर, मानेपाशी सुटली असणार. बघा, तसंच झालं होतं का. वेणी घालताना माणूस मदत म्हणून मान खाली घालतं. मान खाली असताना मानेवरचे केस ताणलेले असतात, घातलेली वेणी घट्ट वाटते. मान वर केली की तेवढी जागा सैल पडते, आणि तिथून दिवसभर केस निसटत राहतात. तेव्हा वहिनींना मान सरळ ठेवायला सांगा, समोर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघा म्हणावं. तीन पेड करताना केस नुसते अंदाजाने ओरबाडू नका. आधी दोन्ही हातांनी सगळे केस मानेपाशी गोळा करा, मधून दोन बोटं घालून तीन समान भाग करा, प्रत्येक भाग मुठीत धरून जाडी तपासा. एक पेड बारीक राहिला तर वेणी दोरासारखी पिळते. पहिले तीन-चार वेढे मानेला चिकटून, जरा घट्ट. प्रत्येक वेढ्यानंतर दोन्ही हात बाजूला खेचा, खाली नाही. वेणी पाठीपासून लांब उचलून घालायला सोपी जाते, पण खाली सोडली की मानेपाशी पोकळी राहते, म्हणून हात पाठीजवळच ठेवा. पुढे ताण थोडा कमी केला तरी चालतो.

घट्ट म्हणजे किती? वहिनींना भुवया उचलायला सांगा. कपाळाच्या कडेला कातडी ताणली गेली, कानाजवळ केसांच्या मुळाशी बारीक पुटकुळ्यांसारखे उंचवटे दिसले, तर जास्त झालं. रोज त्याच जागी ओढ बसली तर कानशिलांजवळचे केस मागे हटत जातात, आणि फार दिवस चाललं तर ते परत येतही नाहीत. भांग अधूनमधून थोडा बदलत राहा.

अर्ध्या पाठीपर्यंत आलात की एक नवी भानगड सुरू होते, जी लांब केस नसलेल्यांना माहीतच नसते. वर तुम्ही वेणी घालत असता आणि खाली मोकळ्या टोकांची उलटी वेणी आपोआप पडत असते. पाच-सहा वेढे झाले की थांबायचं, डाव्या मुठीत वेणी धरायची, आणि उजव्या हाताच्या बोटांनी तिन्ही पेड शेंड्यापर्यंत मोकळे करायचे. हे केलं नाही तर शेवटी पेड खाली अडकतात, तुम्ही ओढता, आणि वर डोकं मागे जातं. दुसऱ्या दिवशी झालं ते बहुधा हेच.

पण ही खालची अर्धी वेणी तुम्ही घालायचीच कशाला?

मान संपली, खांद्याच्या खाली वीतभर वेणी आली, की ती वहिनींच्या डाव्या खांद्यावरून पुढे आणा. तिथून शेंड्यापर्यंत त्या स्वतः घालू शकतील, कोपर अंगाशी ठेवून, समोर बघून, त्यांच्या हाताच्या सवयीने. वरची तुमची, खालची त्यांची. रबरही त्याच लावतील. नाड्यांवर त्यांना हे सहज जमलं असेल तर केसांवरही जमेल. तरी फिजिओथेरपिस्टला एकदा दाखवून घ्या, आणि दुखलं की थांबा. शेजारणीने वेणी घातली तेव्हा त्या नुसत्या बसून होत्या, मुलगी घालायची तेव्हाही. या तऱ्हेने त्या बसून राहणार नाहीत. मला विचाराल तर तुमच्या सगळ्या पत्राचं उत्तर या एका गोष्टीत आहे.

रबर कापडी घ्या. किराणा दुकानात पुड्यांना लावतात तसला उघडा रबर केसात रुततो आणि काढताना चार केस घेऊनच येतो. पूर्वीच्या बायका आगवळ किंवा काळी लोकर बांधत, ती यापेक्षा किती तरी चांगली. काढताना रबर खाली ओढायचा नाही, वेढे उलटे सोडवायचे.

वेळ सकाळची धरू नका. अंगणवाडीची घाई, तुमचं दुकान, त्यात नवशिका हात, म्हणजे भांडणाला आमंत्रण. रात्री जेवणं झाल्यावर घाला. रात्री सैलसर वेणी घालून झोपलं तर गुंताही कमी होतो. सकाळी फक्त समोरचे केस हाताने बसवायचे, खूपच विस्कटली असेल तरच पुन्हा सोडायची. केस धुतले त्याच दिवशी वेणी घालायला शिकू नका, धुतलेले केस निसरडे असतात आणि हातात थांबत नाहीत. दुसऱ्या दिवशी थोडं तेल उतरलेलं असतं, तेव्हा पेड नीट धरले जातात.

धुण्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत, म्हणून मीच विचारते. डोक्यामागे हात जात नाही, तर वहिनी केस धुतात कशा? एका हाताने? ज्यांना वेणी घालता येत नाही त्यांना न्हाणं त्याहून जड जातं, आणि बायका ते बोलत नाहीत. मदत हवी का, विचारा. हो म्हणाल्या तर न्हाणीघरात स्टूल, तुम्ही मागे, कोमट पाणी, शाम्पू तळहातावर फेस करून मग मुळांना बोटांच्या पेरांनी, नखांनी नाही. लांबीला चोळायचं नाही, वरून ओघळणारा फेस तिथे पुरतो. पुसायला जुना सुती पंचा घ्या आणि केस त्यात दाबून पाणी टिपा, झटकू नका. नाही म्हणाल्या तर विषय तिथेच सोडा.

आता केस कापण्याचं.

तुम्ही विचारलंत, तिला कसं समजावू. समजावू नका. पत्रात तुम्ही लिहिलंय, "मला ते नको वाटतं." तिला काय वाटतं ते पत्रात नाही, फक्त रडता रडता म्हटलेलं एक वाक्य आहे. त्या वाक्याचे दोन अर्थ होऊ शकतात. एक, "मला खरंच आता हे ओझं नको." दोन, "कुणावर अवलंबून राहण्यापेक्षा कापलेले बरे." पहिला अर्थ असेल तर केस तिचे आहेत, डोकं तिचं आहे, तुम्ही पार्लरच्या बाहेर गाडीवर बसून वाट बघा. दुसरा असेल तर तुम्ही वेणी शिकल्यावर तो आपोआप सुटेल. कुठला आहे हे सकाळच्या धांदलीत कळणार नाही. संध्याकाळी निवांत असताना विचारा, आणि तुमचं मत विचारल्याशिवाय सांगू नका. तुम्हाला तिचे लांब केस आवडतात हे तिला माहीत आहे. ते पुन्हा सांगितलंत तर विचारलं ते विचारल्यासारखं राहणार नाही.

हिशेब मात्र तिच्यासमोर मांडा. खांद्याचा हा आजार चाळिशी ते साठीत जास्त दिसतो, बायकांना जास्त होतो, शुगर असेल तर आणखी; आणि तो बहुतेकांचा सुटतो, पण वेळ घेतो, वर्ष ते तीन वर्षं. केस वर्षाला १२ ते १५ सेंटिमीटर वाढतात. खांद्यापर्यंत कापले तर पुन्हा कमरेपर्यंत यायला चार वर्षं सहज जातील. मधला मार्गही आहे. शेवटची वीतभर काढली तर सगळ्यात जुना, फाटे फुटलेला भाग जातो आणि गुंता निम्म्यावर येतो, वेणी तरीही पाठभर राहते. हे तीनही पर्याय त्यांना सांगा आणि गप्प बसा. शुगर आणि व्यायाम यांच्याबाबत मात्र गप्प बसू नका. आणि वेणी तुम्ही घालताय म्हणून त्यांनी हात हलवायचं सोडलं, असं होऊ देऊ नका.

दादांच्या बांगड्यांना फार उत्तर देत बसू नये, पण तुम्ही दार लावून घेता हे मला खटकलं. तुम्ही नांदेडचे. हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या गावात पंचवीस-तीस वर्षं दुकान चालवणाऱ्या माणसाने पुरुषाने लांब केस विंचरण्याची लाज बाळगावी? शिखांच्या पाच ककारांत, म्हणजे अंगावर बाळगायच्या धर्मखुणांत, केस आहेत तसा कंगाही आहे. तुमच्याकडे मोटार टाकायला येणारा शीख गिऱ्हाईक रोज सकाळी कमरेपर्यंतचे केस विंचरून, जुडा बांधून, वर पगडी बांधून घराबाहेर पडतो, आणि आपल्या लहान पोराचे केसही विंचरून देतो. त्याला कुणी बांगड्या भरायला सांगत नाही. कोकणात दशावतारातले पुरुष स्त्रीपात्राची साडी, केस, गजरा सगळं स्वतःच सजवतात आणि मग रात्रभर गावाला जागं ठेवतात. दादांनीही आसूड गुंफताना पेडच मोजले असतील. पुढच्या वेळी ते आले की वेणी त्यांच्यासमोर घाला, त्यांच्याशी पावसापाण्याचं बोलत बोलत. दार लावून केलेल्या कामावर माणसं जास्त हसतात. शिवाय बंद दाराचा अर्थ वहिनी असा घेतील की तुम्हाला त्यांचं काम करायची लाज वाटते.

आणि याच्या उलट टोकालाही जाऊ नका. जमायला लागलं की फोटो काढून स्टेटसला टाकायची हुक्की येईल. मुलीला पाठवा हवं तर, वहिनींना विचारून. बाकी कुठे नको. खाली "काय नवरा मिळालाय", "भाग्यवान आहात वहिनी" असे शेरे येतील, आणि ज्या बाईनं चार दशकं रोज हीच वेणी घातली तिला त्यासाठी कुणी एकदाही टाळी वाजवली नव्हती, हे तिच्या बरोबर लक्षात राहील. शेजारच्या वहिनींना मात्र आठवणीने घरी बोलवा, चहा करा. त्यांची सोय संपली म्हणून येणं-जाणं संपायला नको.

सागरवेणी. मार्गशीर्षातल्या लग्नाला ती घालायचा हट्ट धरू नका. तिच्यात कपाळापासून प्रत्येक वेढ्याला बाजूचे थोडे थोडे केस पेडात घेत जावं लागतं, ते मोजून घ्यावे लागतात, आणि तोवर हातातले तीन पेड सैल पडू द्यायचे नसतात. साध्या वेणीत हात बसल्यावर ती शिकायला मजा येईल, पण लग्नघरात, चार नणंदा बघत असताना पहिला प्रयोग करायचा नाही. शिवाय ती घालायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ वहिनींना मान-खांदा न हलवता बसावं लागेल. नीट विंचरलेली, मधोमध उतरलेली, मानेपाशी घट्ट अशी साधी तिपेडी वेणी नऊवारीवरही शोभते आणि पैठणीवरही.

तिच्यावर फुलं तुम्ही माळा. डिसेंबरात मोगरा शोधत फिरू नका, त्याचे दिवस उन्हाळ्याचे. कुंद किंवा शेवंती मिळेल. शेवंतीची वेणी जड असते, नुसती टेकवली तर अक्षता पडेपर्यंत घसरून पाठीवर येते. तिचा दोरा मानेपाशी, वेणीच्या पहिल्या वेढ्यात यू पिनने अडकवायचा, पिन आधी दोऱ्यातून आणि मग केसात, डोक्याला समांतर. दोन्ही टोकांना एकेक आणि मधे एक. पिन टोचली तर त्या सांगतील, तेव्हा काढून पुन्हा लावा. आदल्या रात्री आणलीत तर ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा, आणि दुकानातून येताना पिनांचं एक पाकीट जास्तीचं आणा, लग्नघरात त्या कधीच परत मिळत नाहीत.